पडद्यावरील बिंदु आणि पदरचा पैसा

सणासुदीचे दिवस जवळ येऊं लागले म्हणजे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं एका नव्या वादास आरंभ होतो. जुना दूरचित्रवाणी-संच काढून नवा घ्यावा, हें तर सर्वांस मान्य असतें. परंतु कोणता घ्यावा ह्याविषयीं मंडळींचें एकमत होत नाहीं. वडील किंमत पाहतात, आई भिंतीवरची जागा पाहते, आणि चिरंजीव मात्र एकच शब्द धरून बसतात : "घ्यायचा तर ४के घ्या, नाहीं तर घेऊंच नका !" हा ४के म्हणजे काय, असें वडिलांनीं विचारिलें असतां, "बाबा, चौपट स्पष्ट !" असें उत्तर मिळतें, आणि ज्या गोष्टीचें ज्ञान आपणांस नाहीं तें आपल्या मुलास आहे, ह्या कौतुकांत वडील बिचारे खिशांत हात घालतात.

हा प्रसंग विनोदाचा म्हणून सोडून द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. दूरचित्रवाणी-संच ही मध्यम स्थितींतील कुटुंबानें वरचेवर घ्यावयाची वस्तु नव्हे. एकदां घेतलेला संच वर्षानुवर्षें भिंतीवर राहतो, आणि त्यासाठीं बाजूस काढलेली रक्कम बहुधा औषधपाणी, घराची डागडुजी, मुलांचें शिक्षण ह्यांतून काटकसर करून वाचविलेली असते. ज्या आंकड्यावर भरंवसा ठेवून ती खर्च होते, तो आंकडा खरोखर काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, ह्याचा विचार शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांनीं करूं नये, तर कोणीं करावा ? आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. पडद्यावर बिंदु किती आहेत, हा प्रश्न दुसरा होय. आपल्या बसावयाच्या जागेवरून त्यांपैकीं आपल्या डोळ्यांस किती वेगळे दिसणार, आणि आपल्या घरीं येणाऱ्या चित्रांत ते मुळांत किती असणार, हा पहिला. ह्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुकानांत मिळत नाहीं, तें घरीं मिळतें.

प्रथम 'हाय डेफिनिशन' म्हणजे 'उच्च स्पष्टता' ह्या शब्दांचाच इतिहास थोडक्यांत पाहूं. जॉन लोगी बेअर्ड ह्यानें १९२६ च्या जानेवारींत लंडन येथें विद्वानांच्या मंडळीसमोर आपला दूरचित्रवाणीचा प्रयोग करून दाखविला, तेव्हां त्याचें चित्र अवघ्या ३० रेषांचें होतें. पुढें ब्रिटिश सरकारनें नेमिलेल्या समितीनें १९३५ सालीं असें ठरविलें कीं, ज्या चित्रांत २४० हून कमी रेषा नाहींत त्यासच उच्च स्पष्टतेचें म्हणावें. आणि २ नोव्हेंबर १९३६ रोजीं बी.बी.सी.नें लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस येथून आपलें 'उच्च स्पष्टतेचें' प्रक्षेपण सुरू केलें. आरंभीं २४० रेषांची एक पद्धति व ४०५ रेषांची दुसरी अशा दोन्ही आळीपाळीनें चालविल्या, आणि १९३७ च्या फेब्रुवारींत ४०५ रेषांची पद्धति कायम झाली. आपल्याकडे १९५९ सालीं दिल्लीस व २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईस दूरचित्रवाणी आली, ती ६२५ रेषांची; त्यांपैकीं ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असे. म्हणजे १९३६ सालच्या लंडनकराच्या दृष्टीनें मुंबईचें तें पहिलें कृष्णधवल चित्रदेखील उच्चाहून उच्च ठरलें असतें ! तात्पर्य हें कीं, 'उच्च' हा शब्द कोणत्याही वस्तूच्या अंगचा गुण नव्हे. तो कालच्या वस्तूशीं केलेली तुलना मात्र होय. बाजारांत हा शब्द ऐकला म्हणजे "कशाहून उच्च ?" असें विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.

आतां हल्लींचे आंकडे घेऊं. पडद्यावरील चित्र लहान लहान चौकोनी बिंदूंचें बनलेलें असतें. त्यांस पिक्सेल म्हणतात. आपल्याकडे एच.डी. रेडी म्हणून मिळणाऱ्या पडद्यावर बहुधा आडवे १३६६ व उभे ७६८, म्हणजे सुमारें साडेदहा लाख बिंदु असतात. फुल एच.डी. म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारें पावणेएकवीस लाख. दूरचित्रवाणींत ज्यास ४के म्हणतात तो पडदा ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारें त्र्याऐंशी लाखांचा. आणि ८के म्हणजे ७६८० गुणिले ४३२०, तीन कोटींहून अधिक. येथें विद्यार्थ्यांनीं एक गंमत लक्षांत घ्यावी. ७२० काय अन् १०८० काय, हीं नांवें उभ्या बाजूवरील बिंदूंच्या संख्येवरून पडलीं. ४के हें नांव मात्र आडव्या बाजूच्या जवळजवळ चार हजार बिंदूंवरून. मोजण्याची बाजूच बदलल्यामुळें १०८० वरून एकदम चार हजारांवर उडी मारल्याचा भास होतो. वस्तुतः प्रत्येक बाजू दुप्पटच झालेली असते. क्षेत्रफळ मोजलें असतां बिंदु चौपट भरतात हें खरें. परंतु डोळ्यास जी बारीकी दिसावयाची ती बाजूच्या मापानें दिसते, क्षेत्रफळाच्या मापानें नव्हे. "चौपट स्पष्ट" हें वाक्य म्हणूनच अर्धसत्य आहे.

तसेंच 'एच.डी. रेडी' ह्या नांवाचें. २००५ सालीं युरोपांतील उत्पादकांच्या संघानें ही खूण ठरविली, तेव्हां तिचा अर्थ इतकाच होता कीं, ह्या संचास उच्च स्पष्टतेचा संकेत घेतां येतो व त्याच्या पडद्यास निदान ७२० रेषा आहेत. आलेलें १०८० रेषांचें चित्र तो संपूर्ण दाखवील असें वचन त्यांत नव्हतें. आजही कांहीं वस्तूंच्या खोक्यांवर, विशेषतः स्वस्त प्रोजेक्टरांवर, "४के सपोर्ट" असें छापलेलें असतें. त्याचा अर्थ ४के चें चित्र आंत घेतां येतें इतकाच. बाहेर मात्र तें पडद्याच्या मूळ बिंदूंइतकेंच उमटतें. घागर कितीही मोठी आणली तरी तांब्यांत तांब्याएवढेंच पाणी मावावयाचें ! म्हणून विचारावयाचें तें "४के चालतें का ?" असें नव्हे, "पडद्याचे स्वतःचे, मूळचे बिंदु किती?" असें विचारावें, व उत्तर माहितीपत्रकांत लिहिलेलें पाहावें.

ह्यानंतर डोळ्याचा विचार. शाळेंत वैद्यकीय तपासणीच्या दिवशीं भिंतीवर अक्षरांचा जो तक्ता टांगतात, तो हेर्मान स्नेलेन ह्या डच वैद्यानें १८६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या तक्त्याच्या परंपरेंतला आहे. त्यावरून ज्याची दृष्टि ६/६ ठरते, त्याचा डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणजे एका कलेएवढा, बारीक भेद ओळखूं शकतो. भूमितीनें हिशेब केला तर ह्याचा अर्थ असा होतो कीं, १ मिलिमीटर रुंदीची खूण सुमारें ३.४ मीटरांवरून, म्हणजे अकरा-सवाअकरा फुटांवरून, जेमतेम वेगळी दिसते. त्याहून मागें सरलें कीं शेजारच्या खुणा एकमेकींत मिसळतात. ह्यावर विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं. प्रयोगच करून पाहावा. आलेखाच्या कागदावर एकाआड एक मिलिमीटरचे उभे पट्टे काळ्या शाईनें भरावे, कागद चांगल्या उजेडांत भिंतीस लावावा, आणि पट्टे नाहींसे होऊन राखाडी रंग दिसेपर्यंत मागें मागें जावें. मग तें अंतर टेपानें मोजावें. घरांतील प्रत्येकाचें अंतर निराळें येईल. आजोबांचें सर्वांत कमी भरेल, आणि एखाद्या तीक्ष्ण दृष्टीच्या मुलाचें दीडपटही भरेल.

आतां हाच नियम पडद्यास लावूं. पडद्याचे जे इंच सांगतात ते कर्णाचे असतात, रुंदीचे नव्हत. पडद्याच्या बाजू १६ व ९ ह्या प्रमाणांत असल्यामुळें पायथागोरासच्या सिद्धान्तानें ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारें ९५ सेंटिमीटर निघते. तो फुल एच.डी. असेल तर एक बिंदु अर्ध्या मिलिमीटरचा झाला, व असा बिंदु १.७ मीटरांपलीकडून, म्हणजे साडेपांच-पावणेसहा फुटांपलीकडून, ६/६ दृष्टीस वेगळा दिसत नाहीं. ३२ इंची एच.डी. रेडी पडद्यासाठीं हेंच अंतर सुमारें १.८ मीटर, आणि ५५ इंची फुल एच.डी. साठीं सुमारें २.२ मीटर येतें. आपल्या बैठकीच्या खोलींत कोच आणि समोरची भिंत ह्यांत आठ फूट, म्हणजे २.४ मीटर अंतर असेल, तर ह्या तीनही पडद्यांचे बिंदु सामान्य डोळ्यास आधींच एकजीव झालेले असतात. त्यांचे आणखी तुकडे केले तर ते मोजावयास बसणार कोण ? उलट तीक्ष्ण डोळ्याच्या मुलास तेथून ५५ इंची पडद्यावर ४के चा कांहीं लाभ खचित दिसेल. आणि जो टेबलाशीं बसून त्याच पडद्यावर संगणकाचें काम करतो किंवा खेळ खेळतो, त्यास तर तो नक्कीच दिसेल. हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ८के चा लाभ सामान्य दृष्टीस दिसावा म्हणून ७५ इंची पडद्यासमोर पांच फुटांच्या आंत जाऊन बसावें लागेल. तसें बसणारें कुटुंब आमच्या पाहण्यांत नाहीं.

डोळ्यानंतर चित्राचा उगम. विहिरींत नाहीं तें पोहऱ्यांत येत नाहीं, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. साध्या वाहिनीचें चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचें असतें. तें ४के पडद्यावर पसरलें म्हणजे काय होतें ? भागाकार करून पाहा : ८२,९४,४०० भागिले ४,१४,७२० बरोबर २०. एका खऱ्या बिंदूमागें एकोणीस बिंदु संचानें आपल्या अनुमानानें भरलेले ! हें अनुमान करणारें यंत्र चांगलें असेल तर चित्र बरें दिसतें, सुमार असेल तर चेहरे मेणाचे दिसूं लागतात; आणि तें यंत्र कसें आहे हें ४के ह्या आंकड्यावरून मुळींच कळत नाहीं. डिशवरून येणाऱ्या एच.डी. वाहिन्या सामान्यतः १९२० गुणिले १०८० च्या असतात. त्यांच्यासाठींही चार बिंदूंत एकच खरा. खरें ४के चित्र बहुतांशीं इंटरनेटवरून येतें, आणि त्यास सेकंदास सुमारें १५ मेगाबिट इतका अखंड प्रवाह लागतो. म्हणजे एका तासास पावणेसात गिगाबाइट. शिवाय कांहीं सेवा अशा चित्रासाठीं अधिक महाग वर्गणी घेतात. ज्या घरीं मुख्यतः बातम्या, मालिका व जुने मराठी चित्रपट पाहिले जातात, त्या घरानें हा हिशेब आधीं मांडावा.

येथें आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची हकीकत सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. ते आपल्या मुलासह एका दुकानांत गेले असतां आम्हीही बरोबर होतों. भिंतभर संच झळकत होते; त्यांवर पोपट, धबधबे आणि कापलेलीं फळें अशीं चित्रें फिरत होतीं, व रंग असे भडक कीं डोळे दिपावे. विक्रेता तरुण नम्र होता. "काका, जवळ येऊन बघा, एक ठिपका दिसतोय का ?" असें म्हणून त्यानें त्या गृहस्थांस पडद्यापासून दोन फुटांवर उभें केलें. ठिपका दिसला नाहीं, आणि सौदा जवळजवळ ठरला. तेवढ्यांत मुलाच्या मनांत काय आलें कोण जाणे, तो म्हणाला, "दादा, आमच्या घरीं लागते ती बातम्यांची वाहिनी लावा ना ह्याच्यावर." विक्रेत्यानें थोडे आढेवेढे घेऊन ती लावली. मग तो मुलगा आठ पावलें मागें गेला, आणि शेजारच्या अल्प किंमतीच्या संचावरही तीच वाहिनी लावावयास सांगितली. दोहोंतील अंतर त्यास सांगतां येईना, त्याच्या वडिलांस येईना, आणि आम्हांसही येईना. त्या दिवशीं महाग संच घेतला गेला नाहीं. मुलास पुस्तकांतील शहाणपण कित्येकदां शिकवावें लागतें. हें मात्र त्यास आपोआप सुचलें, ह्याचें आम्हांस फार कौतुक वाटलें.

हें असें कां घडतें ? दुकानांतील पोपट-धबधबे पडद्याची उत्तम बाजू दिसावी म्हणूनच चित्रित केलेले असतात. पडद्याचें तेज व रंग दुकानाच्या झगझगाटाप्रमाणें वाढविलेले असतात. घरच्या मंद दिव्यांत तेच चित्र डोळ्यांस बोचतें. चित्र चांगलें दिसण्यास बिंदूंच्या संख्येशिवाय इतर गुण लागतात, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ते क्वचितच छापतात. काळा रंग खरोखर काळा दिसतो कीं राखाडी ? हें अंधाऱ्या प्रसंगाचें चित्र लावून पाहावें. बाजूनें पाहिलें असतां रंग फिके पडतात काय ? व्ही.ए. जातीच्या पडद्यांत काळा रंग गडद असतो, पण बाजूनें चित्र उतरतें, आय.पी.एस. जातीच्यांत बाजूनें चित्र टिकतें, पण काळा तितका गडद नसतो. लांबट खोलींत चटईवर, खाटेवर आणि खुर्चीवर पसरून बसणाऱ्या कुटुंबास हा भेद ४के हून अधिक महत्त्वाचा आहे. एच.डी.आर. ही आणखी एक खूण. परंतु तो संकेत घेतां येणें एक, आणि त्यांतील तेज व छाया पडद्यावर उमटवितां येणें दुसरें. मंद प्रकाशाच्या स्वस्त संचावर ती खूण असून नसल्यासारखी. आणि शेवटीं आवाज. संच जसजसे पातळ झाले तसतसे त्यांतील ध्वनिवर्धक लहान झाले, आणि कित्येकांत ते खालीं किंवा मागें तोंड करून बसविलेले असतात. घरांतील वृद्ध आजीस चित्रपटांतील नायिकेच्या पापणीचे केस मोजावयाचे नसतात. तिला कीर्तन किंवा भक्तिगीत नीट ऐकूं आलें पाहिजे. नवा संच आणला आणि आजीचें ऐकणें बंद झालें, असें ज्या घरीं घडलें त्या घरीं उच्च स्पष्टता आली असें आम्ही म्हणणार नाहीं.

कोणी म्हणेल, "आज नसेल ४के चें चित्र, उद्यां येईल, उद्यांची सोय आजच करून ठेवावी." हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. ४३ इंच व त्यापुढील आकारांत आज बाजारांतील बहुतेक संच ४केच असतात, व त्या आकारांत चांगला संच घेतां ४के आपोआप पदरीं पडतो. त्यास नको म्हणावें असें आमचें सांगणें नाहीं. आमचा विरोध आहे तो निव्वळ आंकड्यासाठीं अधिक पैसे मोजण्यास, आणि त्या आंकड्याच्या मोहानें सुमार पडदा, सुमार आवाज व सुमार सेवा गळ्यांत बांधून घेण्यास. उद्यांच्या आशेवर आज पैसे टाकणाऱ्यांनीं त्रिमिती संचांची आठवण करावी. २०१० च्या सुमारास ते मोठ्या गाजावाजानें बाजारांत आले. चष्मे लावून पाहावयाचें तें भविष्य २०१७ पर्यंत मोठमोठ्या उत्पादकांनीं स्वतःच सोडून दिलें. शिवाय हल्लींचा संच हा अर्धा संगणक आहे. पडदा शाबूत असतांही त्यांतील प्रणाली जुनी होऊन कांहीं सेवा चालेनाशा होतात. म्हणून उद्यांच्या बिंदूंपेक्षां, ही प्रणाली किती वर्षें अद्ययावत् ठेवणार, दुरुस्ती करणारें केंद्र आपल्या गांवांत आहे काय, आणि हमींत पडदा येतो कीं नाहीं, हे प्रश्न अधिक व्यवहाराचे आहेत.

पैशाविषयीं दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला, ही ग्राहकास चांगली गोष्ट झाली. परंतु कर उतरल्यानें जें वाचलें तें तसेंच वरच्या आंकड्यांत घालावयाचें, तर ती बचत कशाची ? हप्त्यांचेंही तसेंच. "बिनव्याजी हप्ता" ही पाटी पाहून पुष्कळांचें मन पाघळतें. पण सप्टेंबर २०१३ मध्यें भारतीय रिझर्व्ह बँकेनेंच बँकांस बजाविलें होतें कीं, क्रेडिट कार्डावरील शून्य टक्क्यांच्या अशा योजनांत व्याज बहुधा प्रक्रिया-शुल्काच्या रूपानें झांकून ग्राहकावरच टाकलेलें असतें. म्हणून रोख किंमत किती आणि सर्व हप्ते व शुल्क मिळून किती, हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं लिहून घ्यावे. ही वजाबाकी प्राथमिक शाळेंतील मूलही करील. न करण्याचें कारण अज्ञान नसून संकोच असतो. त्याबरोबरच ऊर्जा-कार्यक्षमतेचे तारे दाखविणारी चिठ्ठी वाचावी. संचाची किंमत एकदां द्यावी लागते, विजेची दरमहा.

आतां हें सर्व आचरणांत कसें आणावें ? दुकानांत जाण्यापूर्वीं, एखाद्या रविवारीं, घरच्या मुलांनीं टेप घेऊन बसावयाच्या जागेपासून भिंतीपर्यंतचें अंतर मोजावें, आणि एका वहीच्या पानावर लिहावें. त्याखालीं आठवडाभरांत घरांतील प्रत्येकानें काय पाहिलें, व तें साध्या वाहिनीवर, एच.डी. वाहिनीवर कीं इंटरनेटवर, हें लिहावें. मग आकार ठरवावा. आकार ठरला म्हणजे बिंदूंची संख्या वर सांगितलेल्या हिशेबानें काढावी. ३.४ ह्या संख्येनें बिंदूची मिलिमीटरांतील रुंदी गुणिली कीं मीटरांतील अंतर येतें, एवढेंच सूत्र. तीक्ष्ण दृष्टीच्या मुलांनीं तें अंतर दीडपट धरावें. सरतेशेवटीं, आपण जास्तींत जास्त किती खर्च करणार ही रक्कम त्याच पानावर लिहून वडिलांची सही घ्यावी ! दुकानांत गेल्यावर तें पान हातांत असूं द्यावें. आपली नेहमींची वाहिनी लावावयास सांगावें, घरच्याइतकें मागें सरावें, बाजूस जावें, डोळे मिटून आवाज ऐकावा. ह्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. भाजी घेतांना वांगें फिरवून पाहणारी आमची आई ह्या शास्त्रांत आम्हां सर्वांची गुरु आहे.

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलास एखादा नवा शब्द माहीत आहे एवढ्यावरून त्यास त्या वस्तूचें ज्ञान आहे असें समजूं नये. शब्दाचा अर्थ त्याच्याकडून मांडून घ्यावा. मांडतां आला तर त्याच्या सल्ल्यास मान द्यावा, न आला तर दोघांनीं मिळून शिकावें. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सांगणें इतकेंच कीं, वडिलांनीं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे काढले, तर तो विश्वास हें तुमच्यावर एक ऋण आहे. शेजाऱ्याच्या घरीं आहे म्हणून, वर्गांतील मित्र हंसतील म्हणून, अशीं कारणें पुढें करून त्या विश्वासाचा उपयोग करणें हें प्रामाणिकपणाचें नव्हे. ज्या हातानें तुम्ही परीक्षेंत कर्ण काढतां, त्याच हातानें बाजारांतील कर्ण काढून दाखवा. तेवढ्यानें शाळेची विद्या घरास उपयोगी पडली असें होईल, आणि आम्हां शिक्षकांसही धन्यता वाटेल.

शुभवर्तमानांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आहे. तो आधीं बसून खर्चाचा हिशेब करितो, कारण पाया घालून काम अर्धवट राहिलें तर पाहणारे हंसावयाचे. ह्या दृष्टान्ताचा अर्थ संच विकत घेण्यापेक्षां फार मोठा आहे, हें आम्ही जाणतों. तथापि जो मनुष्य लहान खरेदींत बसून हिशेब करण्यास शिकतो, त्यास मोठ्या कामांतही तो करण्याची संवय राहते. आधीं घर मोजावें, मग दुकान पाहावें. इतकें ज्यानें केलें त्याच्या भिंतीवर कोणताही संच आला तरी तो त्यास शोभेल.